कोपऱ्याचा प्लॉट, फेज टू

सोमवार, ७ फेब्रुवारी १९८३

रोजनिशी पुन्हा सुरू. जानेवारी थंडीमुळे धरत नाही.

संकल्प: एक, रोज सकाळी गोमतीपर्यंत फिरणे. दोन, पाणवनस्पतींवरचा पेपर मार्चअखेर संपवणे. तीन, लोकांशी कमी आणि ठाम बोलणे. उल्काच्या मते माझा स्वभाव भिडस्त आहे. तो भिडस्त नसून सभ्य आहे, पण लोक फरक करत नाहीत.

दुपारी लॅबमध्ये फोन. माझ्या एक्स्टेन्शनवर बाहेरचा फोन क्वचितच येतो. पलीकडे कोणी जयसिंग. "क्या डॉक्टर चंद्रहास दिघे साहब से बात करने का शरफ़ हासिल हो सकता है?" इतकी वर्षं लखनौत आहे, बोलण्याचा मान मिळेल का, असं इन्स्टिट्यूटमध्ये कोणी विचारलेलं नाही. आमचे डायरेक्टरसुद्धा "दिघे, इधर आइए" एवढंच म्हणतात.

त्याची कंपनी 'नंदनवन लँड अँड फार्म्स'. चिनहटच्या पुढे, फैजाबाद रोडपासून जरा आत प्लॉट पाडले आहेत. फेज वन संपला. फेज टू साठी शहरातल्या मोजक्याच सायंटिस्टांची निवड केली आहे म्हणे. मी ठामपणे सांगितलं, मला इंटरेस्ट नाही. त्याने माफी मागितली. ती इतकी मनापासून होती की मीच अवघडलो. उद्या फोन करा म्हटलं.

गुरुवार, १० फेब्रुवारी

फिरायला गेलो नाही. धुकं.

जयसिंगचा फोन, वीस मिनिटं. प्लॉटबद्दल जेमतेम एक वाक्य, बाकी सगळी चौकशी माझ्या संशोधनाची. पाणकणीस म्हणजे काय हेसुद्धा नीट समजावून घेतलं. ज्याला लुबाडायचंय तो माणूस पाणकणसात वेळ घालवेल का? हा एक पुरावा नोंदवून ठेवतो.

माझी पद्धत ठरली. विश्वास ठेवायचा नाही, अविश्वासही ठेवायचा नाही. फक्त निरीक्षण.

लॅबमध्ये कोणाला बोललो नाही. निवड न झालेल्यांना उगाच वाईट वाटेल.

रविवार, २० फेब्रुवारी

उल्काला सांगितलं. तिने विचारलं, माणूस पाहिलात का? म्हटलं, आवाज ऐकला. आवाजावरून मला माणूस कळतो. त्यावर तिने मागच्या वर्षीच्या गालिचेवाल्याचा विषय काढला. तो वेगळा विषय आहे.

मग इंदिरा नगर. तिथल्या सरकारी वसाहतीतल्या घरासाठी आमची नोंदणी जुनी आहे, आणि यंदा नाहीतर पुढच्या वर्षी नंबर लागेल असं सगळेच म्हणतात. मी तिला विचारलं, काय आहे तिथे? एकासारखी एक घरं, भिंतीला भिंत. ती म्हणाली, भिंत आपली असेल ना. इथे निशातगंजला नळाला पाणी आलं की आधी घरमालकाची कपडे धुवायची बाई येते.

हेमा म्हणाली, "बाबा, अपना घर मिलेगा तो मेरा रूम अलग होगा ना?" तिला मराठीत उत्तर दे म्हटलं. "हो, होगा ना?" म्हणाली. नववीतली मुलगी. घरात मराठीच बोलायचं, हा चौथा संकल्प.

मंगळवार, १५ मार्च

जयसिंग स्वतः आला. पांढरा सफारी, अत्तर, हातात गुजियांचा, म्हणजे आपल्या करंज्यांचा, डबा. मी कामात तर नाही ना, हे दाराशी थांबून आधी विचारलं, "हुज़ूर मसरूफ़ तो नहीं?" माझ्या स्टुलावर बसला आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घालून "सुभानअल्लाह" म्हणाला. स्लाइड लावलेली नव्हती, पण उत्साह महत्त्वाचा.

रंगीत नकाशा दाखवला. क्लब, मंदिर, मुलांसाठी बाग. माझ्यासाठी कोपऱ्याचा प्लॉट राखून ठेवला आहे. दोन बाजूंनी वारा. म्हणाला, "आपसे क्या छुपाना, ज़मीन तो आप ही परखेंगे. हम तो बेचनेवाले हैं, जानकार तो आप हैं." फसवणारा माणूस जमीन तपासा असं कधी सांगेल? दुसरा पुरावा.

पेपर एप्रिलअखेर.

गुरुवार, १४ एप्रिल, पाडवा

दीनानाथ वाकणकर आणि त्याची बायको जेवायला. दीनानाथ आमच्याकडे इन्स्ट्रुमेंट्स बघतो. नागपूरचा, मित्र चांगला, पण कल्पनाशक्ती कमी. मी सहज म्हटलं, चिनहटकडे जमीन घ्यायचा विचार आहे. तो म्हणाला, "अरे, तहसिलीत जाऊन आधी कागद बघ. कोणाच्या नावावर आहे, कसली जमीन म्हणून नोंद आहे. अर्ध्या दिवसाचं काम." मी म्हटलं, कागद कोणीही लिहितो, माती खोटं बोलत नाही. हे वाक्य मला आवडलं. उल्कालाही आवडलं असावं, ती श्रीखंड वाढता वाढता थांबली होती.

कंपनीचं नाव मात्र त्याला सांगितलं नाही. त्याला फोन आलेला नसणार. सणाच्या दिवशी कशाला दुखवा.

रविवार, ८ मे

साइट इन्स्पेक्शन. जयसिंग जीप घेऊन आला. चिनहटच्या पुढे कच्चा रस्ता, मग शेतं, मग एक मातीचा बांध, आणि बांधाच्या आत आमचं नंदनवन. लूचा गरम वारा असा की डोळे उघडवेनात, तरी मी तासभर फिरलो. जयसिंग जीपमध्येच थांबला. माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून.

निरीक्षणं (घाईत):

माती काळी, चिकण, भेगा पडलेली. ओल धरणारी. बागेला उत्तम.

जागोजाग गोगलगायींचे शंख, शिंपले. म्हणजे कॅल्शियम भरपूर. गुलाबांना चुना घालावा लागणार नाही.

पाणकणसाचे वाळलेले दांडे, दाट. अर्थ उघड आहे, भूजल वर आहे. विहिरीला चार हातांवर पाणी लागेल. जयसिंगला हे सांगितल्यावर तो चकित झाला. म्हणाला, ही गोष्ट आमच्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

बांधालगत बेशरमाची झुडपं, इकडे बेहया म्हणतात. आयतं कुंपण.

एकच बाभूळ. बुंध्यावर माझ्या छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ, त्याखाली साल काळपट. वाळवीची असावी. बांधकामात काळजी घ्यावी.

बांधावर एक उपडी होडी. इथली माणसं कल्पक दिसतात, सावलीसाठी वापरत असतील.

जमीन भोवतालच्या शेतांपेक्षा खोलगट आहे. त्यामुळे रस्त्याचा आवाज येणार नाही.

एकंदर मत: अत्यंत अनुकूल.

मंगळवार, १० मे

उल्काला सगळं वाचून दाखवलं. इंदिरा नगरची नोंदणी मोडून तिथे भरलेले पैसे परत घेतल्याशिवाय हे जमणार नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "माणसांचं तुम्हाला कळत नाही, अहो. मी बोलणार नव्हते, पण नाही कळत. झाडापाण्याचं मात्र कळतं. तुम्ही स्वतः सगळं पाहून आलात ना?"

म्हटलं, तासभर.

"मग माझं काही म्हणणं नाही."

तिचा माझ्या शास्त्रावर एवढा विश्वास आहे हे लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. फार बरं वाटलं. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी हवी एवढी एकच अट तिने घातली. मान्य केली. दोन देईन म्हटलं.

रविवार, १५ मे, अक्षय तृतीया

मुहूर्त साधला. जयसिंगने दोन्ही हातांनी पैसे घेतले आणि कपाळाला लावले. रक्कम इथे लिहीत नाही. पावती गुलाबी कागदावर, सोनेरी बॉर्डर. रजिस्ट्री पावसाळ्यानंतर, कारण उन्हाळ्यात मोजणी नीट होत नाही, साखळी तापून लांब होते. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. लोखंड प्रसरण पावतं.

जाताना मला मिठी मारली. तो म्हणाला, इसे सौदा मत समझिए, यह रिश्ता है.

सोमवार, २७ जून

परवा आपण वर्ल्ड कप जिंकलो. जयसिंगला अभिनंदनाचा फोन लावला. रिंग जाते, कोणी उचलत नाही. सगळं ऑफिस मिठाई वाटत फिरत असणार.

फिरणं पावसाळ्यानंतर. पेपरही.

शुक्रवार, २२ जुलै

धो धो पाऊस. निशातगंजच्या गल्लीत गुडघाभर पाणी, सायकल खांद्यावर. उल्काला म्हटलं, आपल्या प्लॉटवर बघ, अशी माती एक थेंब वाया घालवणार नाही. ती म्हणाली, चला एकदा बघून येऊ. म्हटलं, ऐन पावसात जमीन बघू नये, गैरसमज होतो.

फोन: रिंग जाते.

बुधवार, २४ ऑगस्ट

हजरतगंजला नंदनवनच्या ऑफिसात गेलो. पावतीवरच्या पत्त्याचाच जिना. वर टायपिंग स्कूल. मुली रांगेत बसून टाइप करत होत्या. मास्तरणीला विचारलं, तर म्हणाली, नंदनवनवाले मे महिन्यातच गेले, आणि तुमच्यासारखे बरेच येऊन जातात. म्हणजे कंपनीचे ग्राहक भरपूर आहेत. ती जागा त्यांना लहानच पडत होती. मोठ्या जागेचा पत्ता ते कळवतीलच.

घरी आलो तर उल्का खडूने फरशीवर काहीतरी आखत होती. विचारलं तर म्हणाली, स्वयंपाकघर. ओटा इकडे, भांडी तिकडे, ही खिडकी. त्या रेघांच्या आत उभी राहून, डबा कुठे ठेवला तर हाताशी येईल हे ती बघत होती. मला म्हणाली, "तुमचा पाय भिंतीत आहे." मी बाजूला झालो.

टायपिंग स्कूलचं बोललो नाही. तसं सांगण्यासारखं काही नव्हतं.

गुरुवार, २९ सप्टेंबर

ठरवलं. दसऱ्याला भूमिपूजन करून टाकायचं. रजिस्ट्री हा कागदी भाग आहे, तो मागून होतच राहतो. जागेवर एकदा नारळ फुटला की सगळ्यांना हुरूप येईल. माझी झोप थोडी उडाल्यासारखी झाली आहे तीही येईल. (कारण: चहा.)

लीलावतीबाई सरदेसाईंना बोलावलं. आमच्या इथल्या मराठी मंडळात पूजा त्याच सांगतात. यजमान आर्मीत कर्नल होते. ते गेल्यापासून हुकूम द्यायला बाईंना मंडळच उरलं आहे. दीनानाथ आणि त्याची बायकोही येणार. मॅटाडोर ठरवली.

रविवार, १६ ऑक्टोबर, दसरा

लिहावं की नाही? लिहितो.

सकाळी निघालो. उल्काने हिरवी पैठणी नेसली होती, मॅटाडोरमध्ये मांडीवर पूजेचं ताट. मागे पुरणपोळ्यांचे डबे. हेमाने आपल्या खोलीच्या चार कोपऱ्यांना लावायला चार विटा घेतल्या होत्या, रंगवलेल्या. गाडीत मी सगळ्यांना माती समजावून सांगत होतो.

चिनहट मागे टाकलं. कच्चा रस्ता आला, मग बांध. मी पुढे होऊन बांधावर चढलो.

पाणी.

आधी वाटलं, रस्ता चुकलो. मग बाभूळ दिसली, छातीभर पाण्यात उभी. मग वाटलं, पावसाचं साचलं असेल, ओसरेल. हे मोठ्याने म्हटलंसुद्धा. पाणी पलीकडच्या झाडीपर्यंत होतं, वर सगळीकडे हिरवी पानं पसरलेली, आणि मधोमध एक माणूस आडव्या बांबूवर बसून, दोन्ही टोकांना उपडे घडे बांधून, तरंगत तरंगत पानं उलटत होता. पानांखालून काही खुडून टोपलीत टाकत होता. आम्हाला नटूनथटून आलेले बघून त्याने हात जोडले. "पूजा है बाबूजी? तालाब की? बहुत अच्छा. इधर से आइए, उधर फिसलन है."

दीनानाथने विचारलं, हा तलाव कोणाचा. तो म्हणाला, गावाचा. आजा-पणजाच्या वेळेपासून. सिंघाडा लावायचा ठेका यंदा त्याच्याकडे आहे.

हेमा विटा घेऊन उभी होती. तिने विचारलं, "बाबा, हमारावाला किधर है?" पहिल्यांदाच मला तिचं हिंदी टोचलं नाही. मी बोटाने दाखवलं. मी बोट का दाखवलं, माहीत नाही.

मग दीनानाथ हळूच म्हणाला, "कंपनी कुठली रे?" सांगितलं. "नंदनवन? ‘बात करने का शरफ़’वाला? अरे, त्याचा फोन मलाही आला होता. आपल्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांनाच आला होता, एका मागोमाग एक एक्स्टेन्शन. मी ठेवून दिला. तूही ठेवून दिला असशील असं वाटलं, तू काही बोलला नाहीस."

उल्का बांधावर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ताट तिच्या हातात तसंच होतं. शांतपणे विचारलं, "हे काय उगवलंय, अहो?"

आणि मी सांगायला लागलो. सवयच. म्हटलं, हा शिंगाडा, ट्रापा. याची पानं तरंगती असतात, देठ फुगीर, त्यात हवा. मुळं खाली गाळात. याला साचलेलं, संथ पाणी लागतं, वर्षातले निदान सहा-सात महिने, दरवर्षी. गाळ काळा असतो, चिकण, उन्हाळ्यात उघडा पडला की भेगा पडतात, आणि त्यात गोगलगायींचे

इथे थांबलो.

"सांगा ना," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी मोजून पाहावं आणि ते कमी भरावं, तसं होतं. मग म्हणाली, "हे तुम्हाला मे महिन्यातही माहीत होतं." प्रश्न नव्हता तो.

म्हटलं, हो.

लीलावतीबाईंनी सूत्रं हाती घेतली. "नारळ आणलाय तर परत न्यायचा नाही. दिघे, जोडे काढा. वरुणाची पूजा करू, जागा त्याची आहे." त्यांनी बांधावर पाट मांडला, आम्हाला दोघांना बसवलं, मंत्र म्हटले. तळ्यातला माणूसही बांबूवरून उतरून पाण्यात हात जोडून उभा राहिला. नारळ एका घावात फुटला. पुरणपोळ्या सगळ्यांनी बांधावरच बसून खाल्ल्या. त्यालाही दिल्या. हवा सुंदर होती. दोन बाजूंनी वारा होता.

परतताना मॅटाडोरमध्ये मीच बोलत होतो. कोणाशी, आठवत नाही.

सोमवार, १७ ऑक्टोबर

पोलीस ठाण्यात तक्रार. लिहून घेणारा हवालदार सज्जन होता. नाव, पत्ता, पावती, जागा, सगळं उतरवलं. जागेचं वर्णन: तालाब. मग विचारलं, "आप करते क्या हैं, डॉक्टर साहब?"

सांगितलं, पाण्यात उगवणाऱ्या वनस्पतींवर संशोधन.

त्याचं पेन थांबलं. माझ्याकडे पाहिलं, मग पोराला हाक मारून पाणी मागवलं. मला वाटतं, माझ्यासाठी.

शनिवार, २२ ऑक्टोबर

उल्का बोलते. भाजीचं, हेमाच्या फीचं, गॅसचं. रागावली असती तर समजूत घालता आली असती. त्यासाठी मी काही मुद्दे तयार केले आहेत: मी एकटा नाही, टायपिंग स्कूलमध्ये बरेच येऊन गेले. जयसिंगने सगळ्यांना फोन केले असतील, पण गुजिया सगळ्यांना दिल्या नसतील. तलावाची जमीन आता मला कोणापेक्षाही चांगली कळते.

मुद्दे वाचून पाहिले. खोडतो.

संध्याकाळी ती ओली फडकी घेऊन खाली बसली आणि फरशीवरच्या खडूच्या पुसट रेघा पुसल्या. मी म्हटलं, राहू दे ना. ती म्हणाली, "पाय अडखळतो." रेघांत पाय कसा अडखळेल? पण म्हटलं नाही. दुसरं फडकं घेतलं आणि खिडकीची बाजू मी पुसली.

बुधवार, ९ नोव्हेंबर

इंदिरा नगरच्या घरांसाठी नवीन नोंदणी सुरू आहे. आज रजा काढून दोघं गेलो. मी अर्ज घेतला, पेन काढलं. उल्काने माझ्या हातातून दोन्ही घेतलं. शाळेत शिकवण्याची नोकरी तिला जुलैपासून मिळाली आहे, हे या रोजनिशीत लिहायचं राहिलं होतं. अर्जदार: सौ. उल्का दिघे. मी पतीच्या रकान्यात. स्पेलिंग बरोबर.

रांग लांब. नंबर लागायला किती वर्षं, खिडकीतल्या माणसाने सांगितलं नाही, उल्कानेही विचारलं नाही. तिने पदर खोचला आणि उभी राहिली. मला कडुलिंबाखालच्या बाकाकडे पाठवलं, थर्मास सांभाळायला.

तिथून नवीन सेक्टरची जागा दिसत होती. रिकामं मैदान, कडेला थोडं गवत. मी रांगेपाशी जाऊन तिला विचारलं, वेळ आहे तोवर जरा माती बघून येऊ का?

ती म्हणाली, "बसा."

बसलो.